दर चार तासांनी

टेलिफिल्म करायची हे नक्की झालं आणि वाहिनीकडून पहिला प्रश्न आला तो आजाराचा. आई कशानं जाते? तोंडाच्या कॅन्सरनं, मी म्हणाले. पलीकडच्या बाई जरा थांबल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, रक्ताचा चालेल का? रात्री नऊला लोक जेवत असतात हो."

त्यांची अडचण मला कळत होती. पडद्यावर रक्ताचा कॅन्सर झालेला माणूस हळूहळू फिकट होतो, डोक्याला रुमाल बांधतो, पण चेहरा शेवटपर्यंत तोच राहतो. तोंडाचा कॅन्सर आधी चेहराच घेतो. पण ही गोष्ट निपाणीतल्या विड्या वळणाऱ्या बाईची होती. आमच्या गल्लीत बायका तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात, ती बोटावर घेऊन दात घासतात, आणि दात घासून झाले तरी बोट तोंडातून निघत नाही. मिश्रीनं भूक मरते, हात चालत राहतो, हजार विड्या पुऱ्या होतात. माझी आई परकर-पोलक्यात होती तेव्हापासून मिश्री लावायची. तिच्या गालाच्या आत जखम झाली ती नेमकी मिश्रीचं बोट फिरायचं त्या जागी. हे सगळं मी त्या बाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं, वरच्या लोकांशी बोलल्या, आणि तोंडाचा कॅन्सर राहिला. अट एकच, जखम दिसता कामा नये.

ती अट मला जड गेली नाही. आईनंही जखम कुणाला दाखवली नव्हती. ऑपरेशननंतर घरातसुद्धा तिचा पदर उजव्या गालावरून पुढं ओढलेला असायचा, आणि बोलताना ती तो दोन बोटांनी धरून ठेवायची. मी संहितेत तेवढंच लिहिलं, 'पदर दोन बोटांत.'

हे सगळं सुरू झालं एका कथेपासून. थंडीच्या दिवसांत आमच्या सीमाभागात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी कथाकथन, मांडवात शेतातून थेट आलेली माणसं. मी शाळेत मराठी शिकवते. अशाच एका संमेलनात मी आईच्या शेवटच्या महिन्यांवरची कथा वाचली होती. तिचं रेकॉर्डिंग फिरत फिरत मुंबईतल्या एका तरुण दिग्दर्शकापर्यंत गेलं. पटकथा त्यांची आणि संवाद माझे असं ठरलं. पण संवादांवर आमचा वेळ फारसा गेलाच नाही. काय दाखवायचं आणि काय गाळायचं यावरच आम्ही महिनोन्‌महिने बोलत होतो.

त्यांनी निपाणीबद्दल बरंच वाचलं होतं. १९८१ चं तंबाखू आंदोलन, शरद जोशी, महामार्गावर बसलेले हजारो शेतकरी, पोलिसांचा गोळीबार. त्यांना सुरुवात तिथून करायची होती. मी म्हटलं, ते आंदोलन मोठंच होतं, पण ते पिकवणाऱ्यांचं होतं. माझी आई तेव्हा घरात सूप मांडीवर घेऊन बसली होती. आपली गोष्ट त्या सुपाची आहे. त्यांना ते पटलं. असं सहज पटणारे दिग्दर्शक किती असतात मला माहीत नाही, पण हे होते.

मला या गोष्टीतून एकच सांगायचं होतं, आणि ते मी पहिल्या बैठकीतच त्यांना सांगून टाकलं. २०१२ साली आईला आजार निघाला. अर्धा जबडा काढला, छातीचं कातडं आणि मांस वर आणून गाल बांधला, पुढं सहा आठवडे रेडिएशन झालं. वर्षभरात गाठ परत आली. तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात आम्हाला सांगितलं, "आता करण्यासारखं काही उरलं नाही. घरी न्या, खाईल ते खायला द्या." बरोबर तापाला देतात तीच गोळी आणि ताकदीच्या गोळ्या. आम्ही तिला घरी आणलं आणि त्या रात्रीपासून दुखणं सुरू झालं. "लई दुखालंय गं," एवढंच ती म्हणायची, तेही दातावर दात घट्ट दाबून. आडवं झालं की कळ कानात जायची, म्हणून भिंतीला टेकून बसून रात्र काढायची. मामा म्हणाले, भोग आहेत, भोगून संपवायचे. शेजारच्या बायका म्हणाल्या, देवानं आता सोडवावं. सगळे मायेनंच बोलत होते. आणि सगळ्यांनी एक धरून चाललं होतं, आजार बरा होत नाही म्हणजे दुखणंही थांबत नाही.

ते थांबतं. हेच मला रात्री नऊ वाजता, लोक जेवत असताना, सांगायचं होतं.

शाळेतल्या एका सहकाऱ्यांच्या ओळखीनं आम्ही मिरजेला एका डॉक्टर बाईंकडं गेलो. त्या फक्त दुखण्यावरच काम करायच्या. त्यांनी आईला पहिला प्रश्न विचारला, "आई, शेवटचं आडवं होऊन कधी झोपलात?" इतक्या दवाखान्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला समोर बसवून शिकवलं. दुखायला लागल्यावर द्यायची नाही, घड्याळावर द्यायची. दर चार तासांनी. आधीच्या गोळीचा असर उतरायच्या आत पुढची पोटात हवी, म्हणजे कळ वर येतच नाही. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मधे उठवायला लागत नाही. पहिले दोन-चार दिवस गुंगी येईल, मळमळेल, ते आपोआप ओसरेल. पण पोट साफ होणार नाही आणि ते आपोआप ओसरणार नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून आणि रोज. मामांनी विचारलं, याची सवय लागेल का? डॉक्टर म्हणाल्या, हिच्यासारख्या दुखण्यात व्यसनाची काळजी करू नका, दुखण्याची करा.

या औषधाचा इतिहास मी नंतर वाचला. मॉर्फिन अफूपासून काढतात. आपल्या देशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडं, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन ठेवायला इतके वेगवेगळे परवाने लागू लागले, की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरता शिकल्या. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यता मिळालेल्या दवाखान्याला एकाच परवान्यावर ते ठेवता येऊ लागलं. आई गेली ती या बदलाच्या आधी. म्हणून दिग्दर्शकांनी विचारलं, "गोष्ट २०१३ मध्ये ठेवायची की आजची करायची?" मी क्षणभरही विचार केला नाही. आजची. जुन्या काळात ठेवली तर बघणारा म्हणेल, तेव्हा मिळत नसेल. आज मिळतं आणि तरी माणसं भिंतीला टेकून रात्री काढतात, हे त्याला कळायला पाहिजे.

इथं आमचा खरा वाद झाला. पटकथेत दोन डॉक्टर होते, एक 'घरी न्या' म्हणणारा आणि एक गोळ्या देणारी. दिग्दर्शक म्हणाले, दवाखान्याचे दोन प्रसंग जड होतात, दुसरा काढू आणि गोळ्या पहिल्याच प्रसंगात देऊन टाकू. मी म्हटलं, मग आपण ही टेलिफिल्म कशासाठी करतोय? दोन डॉक्टरांच्या मधल्या त्या रात्री हीच गोष्ट आहे. त्यांनी दोन दिवस फोन केला नाही. मग केला आणि म्हणाले, "दुसरा प्रसंग ठेवू, पण त्यात बोलणं कमी. घड्याळ द्या मला." डॉक्टर बोलता बोलता टेबलावरचं छोटं गजराचं घड्याळ आईच्या मुलीच्या हातात ठेवते आणि दाखवते, सहा, दहा, दोन, सहा, दहा. हे त्यांनी सुचवलं आणि माझ्या पानभर संवादांपेक्षा ते चांगलं होतं. तिथून पुढं त्या घरात गजर वाजत राहतो. दळण आणताना, पाहुणे बसलेले असताना, भांडण चाललेलं असताना. गजर वाजला की सगळे गप्प होतात आणि कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन उठतं.

त्यांना एक गजर रात्री दोनचाही हवा होता. अंधार, घड्याळ, मुलगी धडपडत उठते, असं. मी नको म्हटलं. रात्री दहाला दुप्पट गोळी दिली की दोनला उठायचं नसतं, आणि घरी कुणी ते बघून आपल्या आईला रात्री दोनला उठवू नये. शिवाय मला त्या जागी दुसरा प्रसंग हवा होता. आईला पहिल्यांदा दुप्पट गोळी दिली त्या रात्री ती आडवी झाली. उशी घेतली. आणि झोपली. मी तिच्याकडं बघत बसले होते आणि बघता बघता मलाही झोप लागली. मामा दारात झोपले, बहीण चुलीपाशी झोपली. सकाळी पाणी येऊन गेलं, दूधवाला हाक मारून गेला, आणि आमचं घर झोपलेलं होतं. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा.

मी तसाच प्रसंग लिहिला. संवाद एकही नाही. घरातली माणसं जिथं पडली तिथं झोपली आहेत, एवढंच. वाहिनीच्या बैठकीत विचारलं गेलं, इथं घडतं काय? प्रेक्षक चॅनेल बदलेल. आईचं काम करणाऱ्या बाईंनी त्या वेळी जे केलं ते मी विसरणार नाही. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "मी आजवर पडद्यावर कितीदा मेलेय. मला एकदा झोपू द्या." प्रसंग राहिला.

चित्रीकरण निपाणीतच झालं, आमच्याच भागातल्या एका कौलारू घरात. बाई आठवडाभर आधी आल्या आणि गल्लीतल्या बायकांत बसून विडी वळायला शिकल्या. आदल्या रात्री पान भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायचं, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, चिमटीत जर्दा, पानाची गुंडाळी, टोक मुडपून दोरा. बाईंच्या विड्या पोकळ व्हायच्या. शेजारच्या म्हाताऱ्या काकू त्या सुपातून उचलून बाजूला टाकत म्हणायच्या, "ही छाट. ही पण छाट. बाई, मजुरी कापली की तुमची." कारखान्यात नापास झालेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, हे बाईंना त्यातूनच कळलं, आणि पुढं एका प्रसंगात दुखत असतानाही त्या विडी उजेडात धरून बघतात ते कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

अंथरुणावरून थोडं झालं. कलादिग्दर्शनवाल्यांनी लोखंडी खाट आणली होती, डोक्याकडून वर होणारी. माझी आई खाटेवर झोपली नाही. तिला दारातून रस्ता दिसायला हवा होता, म्हणून जमिनीवर हवेची गादी आणि त्यावर वाकळ. कॅमेरा जमिनीवर न्यावा लागला. त्या गादीच्या पंपाची घरघर ध्वनिमुद्रणात येते म्हणून तो बंद ठेवायचे, आणि नंतर स्टुडिओत तोच आवाज वेगळा घातला, कारण मी सांगितलं की ज्या घरात ती गादी आहे त्या घरात तो आवाज दिवसरात्र असतो.

गाळलेल्या गोष्टींत मला सर्वांत जास्त वासाची हळहळ वाटते. तोंडाच्या उघड्या जखमेला वास येतो, इतका की सख्खी माणसं दारातूनच बोलून जातात आणि आजारी माणसाला ते कळतं. मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला जुलाबावर देतात ती मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर भुरभुरायला सांगितली. काही दिवसांत वास खूप कमी झाला आणि माझी मावशी आईच्या उशाशी येऊन बसली. एका स्वस्त गोळीनं बहिणीला बहीण परत मिळते. हा प्रसंग लिहून झाला होता, वाचनात सगळे गप्प झाले होते. पण 'जखम दिसता कामा नये' मध्ये 'वास' सुद्धा येतो असं ठरलं. मी भांडले, पण तो गेला. गडद रंगाचे टॉवेल मात्र राहिले. जखमेतून अचानक रक्त आलं तर पांढऱ्या कापडावर ते बघून आजारी माणूस आणि घरचे दोघंही घाबरतात, म्हणून उशाशी लाल-तपकिरी टॉवेल घडी करून ठेवायचे. टेलिफिल्ममध्ये ते का ठेवलेत हे कुणी बोलत नाही. ज्या घरानं हे पाहिलंय ते घर ओळखेल.

आईला सांगायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कधी विचारलाच गेला नव्हता. मामांनी ठरवलं होतं, सांगायचं नाही. स्वयंपाकघरात कुजबुज चालायची आणि बाहेर येताना सगळ्यांचे चेहरे बदलायचे. एका दुपारी गोळीचा असर चांगला असताना आई मला म्हणाली, "पेटीतलं विडी कार्ड काढ. पीएफच्या कागदावर नाव कुणाचं हाय बघ. तुझ्या बाचं असंल अजून. ते बदलून घे." विडी कामगारांना प्रॉव्हिडंट फंड लागू झाला १९७७ मध्ये. आईसारख्या घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या आयुष्यातली तेवढीच एक शिल्लक. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि वारस म्हणून त्यांचंच नाव तसंच राहिलं होतं. मी कागद काढला. ती म्हणाली, "सही मराठीत केली तर चालतंय काय विचार. कानडीत मला येत न्हाई." मी विचारून आले. चालत होतं. तिनं सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाली, "आता च्या टाक."

त्यानंतर घरातली कुजबुज बंद झाली. तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे आम्हालाही कळलं होतं.

दिग्दर्शकांना इथं एक मोठा प्रसंग हवा होता. आई-मुलगी, मिठी, 'माझ्यानंतर', 'असं बोलू नकोस'. वाहिनीलाही तो हवा होता, कारण जाहिरातींच्या आधी प्रत्येक भागाला एक टोक लागतं. तासाला १२ मिनिटांच्या वर जाहिराती नकोत असा नियम आहे, पण ती १२ मिनिटंही प्रेक्षकाला थांबवून ठेवायची असतात, आणि मिठी त्याला थांबवते असा त्यांचा अनुभव. मी म्हटलं, आपण दोन्ही वाचून बघू. मी मिठीही लिहून आणली, खरंच मनापासून लिहिली, कारण वाईट लिहून जिंकण्यात अर्थ नव्हता. बाईंनी आधी ती वाचली. छान झाली. मग त्यांनी पीएफचा कागद वाचला. "कानडीत मला येत न्हाई" या वाक्यावर त्यांचा आवाज अगदी व्यवहारी होता, रेशन दुकानात बोलावा तसा. ध्वनिमुद्रण करणारा मुलगा हुबळीचा होता, कानडी घरातला. तो हेडफोन काढून बाहेर निघून गेला. मग कुणी मिठीचं नाव काढलं नाही. ब्रेक त्या सहीवर आला.

शेवटच्या दिवसांसाठी निर्मात्यांना रुग्णवाहिका हवी होती. पुणे-बेंगळूरु महामार्ग दारातून जातो, सायरन, अतिदक्षता विभाग, काचेपलीकडं मुलगी. आमच्याकडं खरोखरच पुष्कळांचं असं होतं, हे मी नाकारलं नाही. शेवटच्या घरघरीला घाबरून लोक माणूस उचलून पळवतात, तिथं त्याला नळ्या लागतात, आणि घरच्यांना तो दिवसातून दहा मिनिटं दिसतो. आई म्हणाली होती, "मला आता कुठं न्यायचं न्हाई." तिनं आपलं म्हणणं मांडलं होतं आणि आम्ही ते ऐकलं होतं. निर्मात्यांचे वकील म्हणाले, उपचार नाकारले असं दाखवलं तर अडचण होईल का? मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१८ चा निकाल दाखवला, सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य करणारा, आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं त्याची अंमलबजावणी करण्यासाठी काढलेला आदेश दाखवला. आपली आई तर घरीच आहे, तिचं दुखणं औषधानं थांबवलेलं आहे, आपण फक्त तिला पळवत नाही. रुग्णवाहिका गेली.

शेवटचा श्वास कसा घ्यायचा हे बाईंनी मला विचारलं. सेटवर माणसांची गर्दी होती. मी त्यांना पायऱ्यांवर घेऊन बसले आणि सांगितलं. श्वास खोल खोल होत जातो, मग उथळ होत थांबतो. आपल्याला वाटतं संपलं. मग परत सुरू होतो. डॉक्टर त्याला चेन-स्टोक्स म्हणतात. घशात घरघर होते, कारण गिळता येत नाही आणि लाळ साचते. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस बुडतोय, पण त्याला बहुधा त्याचं काही कळत नसतं. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो. तोंडात काही ओतायचं नाही. ओठांना ओला कापूस लावायचा.

हे 'ओतायचं नाही' लिहिताना मी सगळ्यात जास्त कागद फाडले. कारण शेवटी तुळशीचं पान आणि पाणी द्यायचं असतं, आणि ते देणाऱ्या हातांत जी माया असते तिला नको कसं म्हणायचं? मामा वाटी-चमचा घेऊन आले होते. आईच्या सेवेला येणाऱ्या नर्स बाईंनी त्यांना अडवलं नाही. त्यांनी तुळशीचं पान वाटीत बुडवलं, मामांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ओठांवरून फिरवा, दादा. ते पोचतं." टेलिफिल्ममध्ये ते जसंच्या तसं आहे.

प्रसारणाच्या आधी पहिल्यांदा पूर्ण प्रत बघितली तेव्हा एक गोष्ट मला माहीत असूनही नवी वाटली. तंबाखूचा पदार्थ पडद्यावर दिसला की खाली धोक्याची ओळ दाखवावी लागते, २०१२ पासूनचा नियम आहे. आमच्या टेलिफिल्ममध्ये बाई सुपापाशी बसल्या की ती ओळ येते आणि उठल्या की जाते. दिग्दर्शकांना ती खुपत होती, चित्राची चौकट बिघडते म्हणून. मला ती तिथं हवीच होती. आईनं आयुष्यभर जे हातात धरलं त्याच्याखाली कुणीतरी हे इतक्या उशिरा का होईना लिहिलं होतं.

मला आणखी एक पाटी हवी होती, नामावलीच्या आधी. वाहिनीनं शेवटच्या आठवड्यात ती मान्य केली. 'बरा न होणाऱ्या आजारातही वेदना थांबवता येते. आपल्या डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल (त्रास कमी करणाऱ्या उपचारांबद्दल) विचारा.' ती काही सेकंदच दिसते. तेवढ्यातही लोकांनी वाचली. शाळेतून माझा नंबर शोधून फोन येऊ लागले, संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लज, खानापूरकडून. बहुतेक बायका. काही नुसत्या आपल्या आईबद्दल बोलायच्या, जाऊन वीस-वीस वर्षं झालेल्या. त्यांना मी ऐकत राहायचे. ज्यांच्या घरी माणूस अजून अंथरुणावर होता, त्यांना मी आधी तोच प्रश्न विचारायचे, झोपतात का?

चिकोडीकडचा एक मुलगा होता, विशी-बाविशीतला. वडिलांच्या घशाला होतं. "बसूनच असतात, मॅडम." मी त्याला सांगितलं, सगळी फाईल घे, हुबळी किंवा मिरजेच्या कॅन्सर दवाखान्यात आधी फोन करून वेदनांचा विभाग कधी असतो विचार, आणि तिथं गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोल, रात्रभर बसून असतात. पुढच्या आठवड्यात त्याचा परत फोन आला. गोळ्या सुरू झाल्या होत्या, वडील झोपत होते, पण दोन दिवस पोट फुगलं होतं आणि घरचे म्हणत होते गोळी बंद करू या.

"जुलाबाचं औषध लिहून दिलंय का?" मी विचारलं.

"दिलंय. पण जुलाब न्हाईत म्हणून दिलं न्हाई."

"ते जुलाबाचं म्हणजे पोट साफ करायचं रे. ते आजपासून रोज दे, आणि आत्ता डॉक्टरांना फोन करून दोन दिवसांचं सांग. मॉर्फिन मनानं बंद करू नको."

"बरं मॅडम," तो म्हणाला. "आता सहाची वेळ झाली. गोळी देऊन करतो."